बिशपांच्या शाळेत बाकावर कोण?

१८८७ साली बॉस्टनमध्ये पंडिता रमाबाईंच्या नावाने एक संस्था निघाली. भारतात हिंदू विधवांसाठी शाळा काढायची आणि दहा वर्षं तिचा खर्च उचलायचा, एवढंच तिचं काम. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे. उपाध्यक्षांच्या यादीत एक नाव होतं फिलिप्स ब्रूक्स यांचं. हे बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे धर्मगुरू, एपिस्कोपल पंथाचे, पुढे मॅसॅच्युसेट्सचे बिशप झाले. त्याआधी तीनच वर्षं, १८८४ मध्ये, त्याच राज्यात ग्रोटन नावाच्या गावी मुलांची एक निवासी शाळा सुरू झाली होती. ती होती अमेरिकेतल्या गडगंज घराण्यांच्या मुलांसाठी. तिच्या पहिल्या विश्वस्तांत बँकर जे. पी. मॉर्गन होते, आणि हेच फिलिप्स ब्रूक्सही होते.

माणूस एक, पंथ एक आणि शाळा दोन. एकीत सावकार-कारखानदारांची मुलं लॅटिन घोकणार होती, दुसरीत घरच्यांनी कोपऱ्यात बसवलेल्या मुली अक्षरं गिरवणार होत्या. एपिस्कोपल चर्चने शिक्षणात काय केलं, असं मला कुणी विचारलं तर मी या दोन शाळांमधलं अंतर दाखवीन. चर्चच्या शाळांवर आपल्याकडे वाद होतो तो बहुधा प्रार्थनेवरून, येशूच्या तसबिरीवरून, नाताळच्या सुट्टीवरून. तो वाद मला बाजूचा वाटतो. आधी वर्गात डोकावून बाकावर कोण बसलं आहे ते पाहावं. चॅपेलमध्ये काय म्हणतात हे नंतर विचारलं तरी चालेल.

‘एपिस्कोपल’ हा शब्द ग्रीक ‘एपिस्कोपॉस’वरून आला. अर्थ देखरेख करणारा, म्हणजे बिशप. इंग्लंडच्या राजाला प्रमुख मानणाऱ्या अँग्लिकन चर्चची ही अमेरिकन शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर राजा नको, पण बिशप हवेत, असा पेच पडला. सॅम्युअल सीबरी यांनी १७८४ मध्ये स्कॉटलंडला जाऊन बिशपपदाची दीक्षा घेतली आणि तो सोडवला. पंथ लहानच राहिला, आज त्याचे सभासद पंधरा लाखांच्या आसपास असतील. पण वजन भारी. वॉशिंग्टनपासून थोरल्या बुशपर्यंत अमेरिकेचे अकरा अध्यक्ष याच पंथातले. मुंबईत जसं एखाद्या जिमखान्याचं सभासदत्व बरंच काही सांगून जातं, तसं तिकडे एपिस्कोपल असणं होतं.

सुरुवात मात्र गरिबांच्या शाळेपासून झाली. लंडनमध्ये १७०१ साली धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) या संस्थेने न्यूयॉर्कच्या गरीब मुलांना शिकवण्यासाठी मास्तरांना पगार दिला, आणि १७०९ मध्ये ट्रिनिटी स्कूल उभी राहिली. (नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत एस.पी.जी. हे नाव अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच संस्थेचं मिशन अहमदनगरात आलं.) त्याच न्यूयॉर्कमध्ये १७०४ पासून एलियास नो हा फ्रेंच निर्वासित याच संस्थेच्या वतीने काळ्या गुलामांना शिकवत होता. त्याच सुमारास बार्बाडोसमधले उसाचे दोन मळे एस.पी.जी.ला मृत्युपत्राने मिळाले. मळ्यांबरोबर तिथले गुलामही आले, आणि त्यांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जात असे. एका हाताने पाटी द्यायची आणि दुसऱ्या हाताने डाग. या पंथाचा पुढचा तीनशे वर्षांचा शैक्षणिक इतिहास या दोन हातांचा आहे.

ट्रिनिटी स्कूल आजही चालू आहे. वर्षाची फी साठ हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नास लाखांच्या घरात. शिष्यवृत्त्या आहेत, नाही असं नाही. पण धर्मादाय शाळा म्हणून निघालेलं घर तीनशे वर्षांत या टोकाला कसं पोचलं, याचं उत्तर कुणा दुष्ट माणसाच्या कारस्थानात नाही. शाळा चांगली चालली की तिला नाव मिळतं, मग ऐपतवाले रांग लावतात, त्यांच्या देणग्यांतून इमारती होतात, इमारतींचा खर्च फीवर चढतो, आणि एका पिढीनंतर ज्याच्यासाठी शाळा काढली तो फाटकाबाहेर उभा राहतो. हे पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरातही घडलेलं आहे, आणि त्या शाळा काही बिशपांनी काढलेल्या नव्हत्या.

ग्रोटनची गोष्ट वेगळी, कारण तिने सोंग केलं नाही. मुख्याध्यापक एंडिकॉट पीबॉडी यांनी १९४० पर्यंत ती चालवली. थंड पाण्याची आंघोळ, साध्या खोल्या, खेळ, चॅपेल. ब्रीदवाक्य लॅटिन, त्याचा भावार्थ असा की त्याची सेवा हेच राज्य. श्रीमंतांची मुलं मऊ पडू नयेत आणि राज्य करताना त्यांना सेवेची आठवण राहावी, अशी कल्पना. १९०० साली इथून बाहेर पडलेला फ्रँकलिन रूझवेल्ट पुढे अध्यक्ष झाला. पीबॉडींनीच त्याचं लग्न लावलं होतं, आणि पदग्रहणाच्या दिवशी प्रार्थनेलाही त्याला तेच हवे होते.

अभिजनांच्या शाळांचे समर्थक रूझवेल्टचं नाव लगेच पुढे करतात. ते म्हणतात, बघा, सत्तेत जाणारच होता, त्याला दीनदुबळ्यांची कणव शाळेने दिली. मंदीच्या काळात त्याने बेकारांना काम दिलं, म्हाताऱ्यांना पेन्शन दिलं. युक्तिवाद हलका नाही. सत्ता ज्यांच्या हाती जाणार आहे, त्यांना कुणीतरी माणुसकी शिकवलीच पाहिजे. पण त्याच पेन्शनचा १९३५ चा कायदा वाचा. शेतमजूर आणि घरकाम करणारी माणसं त्यातून वगळली होती, आणि दक्षिणेत ही कामं मुख्यतः काळ्या माणसांच्या वाट्याला होती. त्यामागे मतांचं राजकारण होतं, कारकुनी अडचणी होत्या, सगळं मान्य. ते पाप ग्रोटनच्या माथी मारायचं नाही. मला एवढंच दिसतं, की वर्गात कधीही शेजारी न बसलेल्या माणसाची कणव येते तेव्हा ती दुरून येते, आणि दुरून माणसं नीट मोजता येत नाहीत.

काळ्या मुलांना हा पंथ शाळेत घेत होता का? घेत होता, पण वेगळ्या शाळेत. यादवी युद्ध संपल्यावर १८६७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात राली इथे सेंट ऑगस्टिन्स निघाली. तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांत गुलामीत जन्मलेली अ‍ॅना ज्युलिया कूपर ही पोर होती. ग्रीकचा वर्ग धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी राखीव होता, मुलींना मज्जाव. हिने भांडून तो वर्ग मिळवला. पुढे शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, आणि १९२५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. व्हर्जिनियात जेम्स सॉलोमन रसेल या गुलामीतच जन्मलेल्या एपिस्कोपल धर्मगुरूने १८८८ मध्ये मूठभर मुलांना घेऊन सेंट पॉल्स ही शाळा काढली, तिचं कॉलेज झालं. साउथ कॅरोलायनातल्या वूरहीसची कथा तर अंगावर काटा आणते. एलिझाबेथ एव्हलिन राइट या तरुण शिक्षिकेच्या आधीच्या शाळा लोकांनी जाळल्या. तिने १८९७ मध्ये पुन्हा वर्ग भरवला. एपिस्कोपल चर्चशी ही संस्था पुढे १९२४ मध्ये जोडली गेली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. त्या लोकांत एपिस्कोपल चर्च संस्था म्हणून बसत नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. गुलामीच्या प्रश्नावर मेथडिस्ट फुटले, बाप्टिस्ट फुटले. एपिस्कोपल चर्च युद्ध पेटेपर्यंत एकसंध राहिलं, कारण त्याने तो विषयच काढला नाही. टेनेसीतल्या सिवानी इथल्या त्यांच्या विद्यापीठाचे एक संस्थापक बिशप लिओनिडास पोक हे गुलामांचे मालक होते आणि दक्षिणेच्या सैन्यात सेनापती म्हणून लढताना मारले गेले. याच विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात काळ्या विद्यार्थ्यांना घ्यायला विश्वस्तांनी १९५२ मध्ये नकार दिला, तेव्हा बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. पुढच्या वर्षी दार उघडलं. म्हणजे चर्च एकीकडे आणि चर्चमधली माणसं दुसरीकडे, असंही होत होतं.

१९६३ साल या बाबतीत फार बोलकं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून आठ गोऱ्या धर्मगुरूंना जे पत्र लिहिलं, त्या आठांत दोन एपिस्कोपल बिशप होते. आंदोलनाची ही वेळ नव्हे, असं त्या आठांचं म्हणणं. त्याच वर्षी अटलांटात एपिस्कोपल चर्चशी नातं सांगणाऱ्या लव्हेट स्कूलने किंग दांपत्याच्या मुलाला प्रवेश नाकारला. चर्चमधल्याच काही मंडळींनी शाळेसमोर निदर्शनं केली, आणि चर्चच्या स्थानिक धर्मप्रांताशी असलेलं शाळेचं नातं तुटलं. प्रार्थना दोन्हीकडे एकाच पुस्तकातली होती. भांडण एका मुलाच्या बाकावरून झालं.

यावर कुणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे, वंचितांना आत घ्या. तिथे मला स्वतःच्याच म्हणण्याला मुरड घालावी लागते. अध्यक्ष ग्रँट यांच्या काळात, १८६९ नंतर, अमेरिकन सरकारने आदिवासी वसाहती निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना वाटून दिल्या. डकोटाचा मोठा भाग एपिस्कोपल चर्चकडे आला, आणि १८७३ पासून बिशप विल्यम होबार्ट हेअर तिथे निवासी शाळा चालवू लागले. अशा शाळांत बाकावर बसले होते ते समाजातले सर्वांत वंचितच. पण एकूण सरकारी धोरण मुलांना आईबापांपासून तोडण्याचं, केस कापण्याचं, भाषा विसरायला लावण्याचं होतं, आणि चर्च त्याचा हात झालं. २०२२ च्या अधिवेशनात चर्चने या शाळांमधल्या आपल्या वाट्याचा शोध घ्यायचं ठरवलं. तेव्हा बाकावर कोण, हा प्रश्न अर्धाच. त्याला जोडून विचारायचं, की तो स्वतःच्या पायांनी आला का, आणि परत गेला तर त्याची आजी त्याला ओळखेल का.

इथे रमाबाईंकडे परत जाऊ, कारण त्यांना हे दोन्ही प्रश्न अंगावर घ्यावे लागले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चमध्ये. त्यानंतर चेल्टनहॅमला त्या शिकवू लागल्या. तरुण पुरुषांनाही शिकवण्याचा बेत पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. भारतातल्या स्त्रीने असं करणं बरं दिसणार नाही, असा सूर. रमाबाईंनी ठणकावून सांगितलं की आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणा बिशपाकडे गहाण टाकलेली नाही. ज्या पंथाचं नावच मुळी देखरेखीवरून पडलं, त्याला देखरेख न मानणारी ही शिष्या झेपली नाही. पुढे त्या अमेरिकेत गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी, पण शाळेसाठी मदत आणली ती बॉस्टनच्या सर्वपंथीय मंडळींकडून, त्यात हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडलं. धर्म शिकवायचा नाही, ही बॉस्टनच्या संस्थेची अट होती. पुढे शाळा पुण्यात आली आणि १८९३ मध्ये स्फोट झाला. रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करीत, त्या प्रार्थनेला मुली बसतात म्हणून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्याकडे या प्रकरणात लोक अजूनही बाजू घेतात. मला टीकाकारांचं एक म्हणणं पटतं. जिचं सगळं आयुष्य एका बाईच्या आधारावर उभं आहे, तिच्यासाठी त्या बाईच्या प्रार्थनेचं ‘उघडं दार’ हे नुसतं दार नसतं. पण टीकाकारांपैकी कितीजणांनी त्या मुलींसाठी दुसरा बाक तयार ठेवला होता? शारदासदनच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला, आणि तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. बॉस्टनच्या पैशाने मुंबईत मांडलेल्या एका बाकाचं पुढे काय काय झालं, ते हिंगण्याच्या माळावर दिसतं.

आज अमेरिकेत एपिस्कोपल शाळा आणि बालवर्ग मिळून हजाराहून जास्त आहेत. बहुसंख्य मुलं त्या पंथाची नाहीत. ज्यू आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत, त्यात आपली मराठी मुलंही आहेत. आठवड्यातून एक-दोनदा चॅपेलला बसावं लागतं. त्याने कुणी बाटल्याचं ऐकिवात नाही. माणसं बाटतात ती फीच्या पावतीने, आपण इतरांहून वेगळे या समजुतीने. शिवाय बंद फाटकाच्या आतल्या प्रतिष्ठेला आणखी एक रोग जडतो. सेंट पॉल्स ही न्यू हॅम्पशरमधली १८५६ सालची नामांकित शाळा. तिथल्या लैंगिक छळाच्या जुन्या प्रकरणांवरून राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१८ मध्ये तिच्याशी करार करून तिच्यावर बाहेरचा निरीक्षक बसवला. देखरेख करणाऱ्यांच्या शाळेवर देखरेख!

याच सेंट पॉल्समध्ये १९५७ साली पहिला काळा शिक्षक म्हणून रुजू झाले जॉन वॉकर. त्याआधी १९५१ मध्ये ते व्हर्जिनिया थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेचे पहिले काळे विद्यार्थी होते. फिलिप्स ब्रूक्स शंभरेक वर्षांपूर्वी तिथेच शिकले होते. पुढे वॉकर वॉशिंग्टनचे बिशप झाले. त्यांच्या नावाने २००८ मध्ये राजधानीच्या गरीब वस्तीत एक शाळा उघडली, मुलांची, आणि फी शून्य. बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातली एपिफनी स्कूलही तशीच, गरीब घरांतल्या मुलांसाठी बिनफी, आणि दिवसभर मुलांना सांभाळणारी. चर्च आजही हे करू शकतं, याचे हे जिवंत दाखले. वॉकर शिकले त्या व्हर्जिनियाच्या सेमिनरीच्या इमारती बांधायला गुलाम राबले होते. तिने २०१९ मध्ये सतरा लाख डॉलरचा भरपाई निधी वेगळा काढला, आणि दोन वर्षांनी राबलेल्यांच्या वंशजांना चेक जाऊ लागले. रक्कम थोडी आहे, पण माफीबरोबर चेकही गेला.

माझं गाऱ्हाणं प्रमाणाबद्दल आहे. रसेल यांनी काढलेलं सेंट पॉल्स कॉलेज २०१३ मध्ये पैशाअभावी बंद पडलं. कूपर यांची सेंट ऑगस्टिन्स गेली काही वर्षं कर्ज आणि मान्यतेच्या कोर्टकचेऱ्यांत गटांगळ्या खाते आहे. संचालकांच्या चुका आहेतच, त्यावर पांघरूण नको. पण त्याच पंथाच्या नावाने चालणाऱ्या निवासी शाळांच्या ठेवी कोट्यवधी डॉलरच्या आहेत. कायद्याने या संस्था स्वतंत्र, एकीचा पैसा दुसरीला देता येत नाही, हे उत्तर ठरलेलं आहे. मॉर्गनच्या काळातही संस्था वेगळ्याच होत्या. तरी एकच ब्रूक्स दोन्हीकडे बसत होते ना?

आपल्याकडे या घराण्याचे भाऊबंद आहेत. मुंबईची कॅथेड्रल १८६० ची, पुण्याची बिशप्स १८६४ ची. दोन्ही अँग्लिकन परंपरेतल्या. ही परंपरा १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. आपण मात्र चर्चच्या प्रत्येक शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो, जिथे कधी एक ननही फिरकली नाही तिलाही. आता तर गल्लीतल्या पाटलांनी काढलेल्या शाळेच्या पाटीवरही कॉन्व्हेंट असतं. हा शब्द धर्माचा राहिलाच नाही, तो इंग्रजीचा आणि फीचा झाला.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी प्रमती खटल्यात निकाल दिला, की अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, अनुदानित असोत वा विनाअनुदानित. म्हणजे दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागाही नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाच्या बरोबर असण्याविषयीच शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्या खटल्यांत महाराष्ट्र सरकारही पक्षकार होतं. घटनेचं तिसावं कलम अल्पसंख्याकांना शाळा काढायचा, चालवायचा हक्क देतं, आणि तो राहायलाच हवा. आजच्या हवेत तर अधिकच. सरकारला चर्चच्या शाळेत नाक खुपसायला निमित्त मिळू नये, ही भीती मी खरी मानतो. पण ते कलम समाजाचा जीव राखण्यासाठी आहे, फीचा तक्ता राखण्यासाठी नाही. ज्या शाळेत त्या समाजाची स्वतःची गरीब मुलंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, तिने कुणाचा हक्क राखला? आणि कायदा सांगत नाही म्हणून पंचवीस टक्के जागा ठेवायच्या नाहीत, असं तर कुठल्याही बिशपाने सांगितलेलं नाही. न्यायालयाची वाट न पाहता त्या जागा उद्या देता येतील. मोठ्या पीठापुढे सर्वांत वजनदार युक्तिवादही तोच ठरेल.

आपल्या सरकारचीही बाजू काही स्वच्छ नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला हे पंचवीस टक्के माफ, असा नियम त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द केला. थोडक्यात, गरिबाचा बाक कुणालाच नको असतो.

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की सायबर कॅफेत आया बसलेल्या असतात. दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत, पोरगं मांडीवर. तिथला मुलगा घराचा ठिकाणा टाकतो आणि एक किलोमीटर, तीन किलोमीटर अशी शाळांची यादी पडद्यावर येते. पुण्याच्या लष्कर भागात धुण्याभांड्याला जाणारी बाई रोज ज्या शाळेची घंटा ऐकून दुसऱ्या घराकडे वळते, त्या शाळेचं नाव ती त्याला सांगते. तो यादी वरखाली करतो. ते नाव त्यात नसतं.